अक्षताला पंच्याहत्तर टक्के

हर्षद धुरीने आजवर तीन-चार हजार माणसांना गाडी चालवायला शिकवली असेल. त्यातल्या निम्म्यांनी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, उरलेल्यांनी तोंडावर. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची ‘श्री रवळनाथ मोटार ट्रेनिंग स्कूल’ आहे. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, वाहतुकीच्या खुणांचा उन्हाने पिवळा पडलेला तक्ता आणि बाहेर उभी असलेली पांढरी गाडी, जिच्या टपावर लाल ‘एल’. गोड बोलून माणूस गाडी शिकत नाही, असं हर्षदचं ठाम मत होतं. “काकू, समोर भिंत आहे, माहेर नाही, ब्रेक दाबा,” हे तो साठीच्या बाईंना बिनदिक्कत सांगायचा. बँकेतल्या मॅनेजरला सांगायचा की साहेब, हा गिअर आहे, शिपायाचा कान नाही, एवढा पिळू नका. शेवटच्या दिवशी तो शिकणाऱ्याला साकीनाक्याच्या चौकात नेऊन स्वतः शेजारी हाताची घडी घालून बसायचा. तिथून जो गाडी बंद न पाडता बाहेर पडला, त्याला जगात कुठेही मरण नाही, असं तो म्हणायचा.

आणि परीक्षेला पास करून आणण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गाडी येणं वेगळं आणि पास होणं वेगळं, हे तो पहिल्याच दिवशी सांगून टाकायचा. आरशात तीनदा बघायचं, काही दिसलं नाही तरी बघायचं. इन्स्पेक्टरला तुम्ही बघताय हे दिसलं पाहिजे.

अशा या माणसाच्या पोटी अक्षता आली.

अक्षता तेरा वर्षांची. उंच, बापासारखे कुरळे केस, आईसारखं धारदार नाक. तिला ऑटिझम आहे आणि समजही वयाच्या मानाने बरीच मागे. स्वतःचं असं ती फार बोलत नाही, ऐकलेलं बोलते. लहानपणी गाडीत मागच्या सीटवर बसवलं की ती शांत राहायची, म्हणून हर्षद सकाळच्या दोन्ही बॅचना तिला बरोबर न्यायचा. परिणाम असा झाला की ज्या वयात इतर मुलं बडबडगीतं शिकतात, त्या वयात अक्षता मोटार ट्रेनिंग शिकली. भूक लागली की “पहिला टाक, पहिला टाक.” काही नको असलं की “ब्रेक, ब्रेक, ब्रेक.” शेजारच्या सत्यनारायणाला भटजींनी दुसऱ्या अध्यायापासून पोथी पळवायला सुरुवात केली, तर ही मागून खणखणीत आवाजात म्हणाली, “हाफ क्लच, काका. घाई कोणाला आहे?” भटजी थांबले. उरलेली कथा खरोखर सावकाश झाली, आणि पुढच्या वर्षीच्या सत्यनारायणाला धुऱ्यांना बोलावणं आलं नाही.

हा किस्सा हर्षद येईल-जाईल त्याला सांगायचा. लोक हसायचे. मग कोणी जरा आवाज खाली आणून विचारलं, की मुलीचं नक्की काय आहे, तर तो हात झटकून म्हणायचा, “काय नाय, जरा स्लो आहे. बाकी झकास.” तेरा वर्षं त्याने हेच उत्तर दिलं होतं, भावाला, मेहुण्याला, बॅचमधल्या काकूंना आणि, कोणी बघत नसताना, स्वतःलाही. डॉक्टर, थेरपी, शाळेतल्या मीटिंगा, कागदपत्रांची फाइल, हे सगळं त्याच्या बायकोकडे, जान्हवीकडे. त्याच्याकडे मुलीला नेणं-आणणं आणि हसवणं. घरात हसवण्याचं खातं एकट्या हर्षदचं होतं आणि ते तो चोख सांभाळायचा, एवढं जान्हवीही मान्य करायची. बाकीची सगळी खाती आपल्याकडे कशी आली, हे मात्र ती अधूनमधून विचारायची.

एक गोष्ट मात्र तो कोणी न सांगता करायचा. दिवसभर गाडीत बसून त्याची कंबर धरली होती, म्हणून डॉक्टरांनी रुंद पट्टा बांधायला दिला होता. त्याला वेलक्रो होतं. पहिल्या दिवशी घरी येऊन त्याने पट्टा सोडला, करर्र असा आवाज झाला, आणि अक्षताने कान दाबून डोकं भिंतीवर आपटलं. कपाळाला तीन टाके पडले. तेव्हापासून हर्षद पट्टा जिन्यात सोडायचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, शर्ट वर करून. रोज संध्याकाळी जिन्यात कपडे काढणारा गृहस्थ म्हणून सोसायटीच्या सभेत त्याच्यावर प्रश्नही आला होता. त्याने सेक्रेटरीला सांगितलं, की तिकीट लावा हवं तर, पण जागा बदलणार नाही.

तर यंदा जानेवारीत जान्हवी स्कूटरवरून पडली. ती एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, अंधेरीपासून जोगेश्वरीपर्यंत दिवसाला चाळीस किलोमीटर स्कूटर चालवते आणि आजवर तिने कोणाला खरचटूही दिलेलं नाही. पडली ती उभ्या स्कूटरवरून. स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर बसून फोनवर बोलत होती, स्टँड सरकला. पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. आणि नेमकी त्याच सहा आठवड्यांत अक्षताची सरकारी हॉस्पिटलातली तारीख होती.

ही तारीख आठ महिन्यांनी मिळाली होती. अक्षताच्या अपंगत्वाच्या जुन्या दाखल्याची मुदत संपली होती, आणि नवा दाखला आणल्याशिवाय पुढच्या वर्षी जागा देता येणार नाही, असं तिच्या शाळेने लिहून कळवलं होतं. शिवाय चाळीस टक्क्यांच्या खाली आकडा आला तर त्या कागदाला काही वजन नाही. पालकांच्या ग्रुपवर गोरेगावच्या एका मुलाची गोष्ट फिरत होती. त्याने ऐन तपासणीत सतरापर्यंत पाढे म्हणून दाखवले, आई-वडिलांना आनंदाने रडू आलं, आणि हातात आले पस्तीस टक्के. ते लोक अजून अपील करत फिरत होते.

आदल्या दिवशी जान्हवीने स्टुलावर प्लास्टरचा पाय ठेवून हर्षदला समोर बसवलं आणि फाइलमधला एकेक कागद दाखवला. मग म्हणाली, “एक ऐक. तिथे तिची जाहिरात करू नकोस. तिला काय येत नाही ते सांग. तेवढंच सांग.”

“म्हणजे नापास करून आणू?”

“हो. चांगली दणदणीत नापास करून आण. तुला नाही जमायचं, म्हणून सांगतेय.”

हर्षद हसला. एवढ्या लोकांना पास केलं, एकाला नापास करायला काय लागतं, असं तो म्हणाला. जान्हवी हसली नाही.

सकाळी निघताना हर्षदच्या आईने, मालनने, नातीला देवासमोर उभं केलं. मालन सत्तरीची. नवरा गिरणीत होता तोवर परळला, गिरणी गेली तशी जोगेश्वरीला. बोलणं अजून मालवणातलंच. नातीची परीक्षा आहे एवढंच तिला कळलं होतं. तिने कपाळाला अंगारा लावला, हातावर साखर ठेवली आणि रवळनाथाला सांगितलं, “चेडवाक पास कर रे म्हाराजा.” परीक्षा उलटी आहे हे देवाला कोणी कळवलंच नव्हतं.

हॉस्पिटलात बाकावर त्यांचा नंबर एकोणिसावा. शेजारी एक उंच, हडकुळे म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांच्यापलीकडे एक गोल चेहऱ्याचा, टक्कल पडत आलेला माणूस मांडीवर छोटा रेडिओ घेऊन बसला होता. म्हाताऱ्यांनी स्वतःहून ओळख करून दिली. ते अण्णा गोगटे, विम्याच्या कचेरीतून निवृत्त, राहणार अंधेरी. पलीकडचा त्यांचा मुलगा सौरभ, वय अडतीस, डाउन सिंड्रोम. त्याचा दाखला कायमचा होता, पण नवं कार्ड आलं त्यात सौरभचं सुरभी झालं होतं आणि पुढे लिंग स्त्री.

अण्णा म्हणाले की आम्ही चौथ्यांदा येतोय. पहिल्या वेळी खिडकीवरच्या माणसाने विचारलं, मुलगी कुठे आहे. मी म्हटलं ही काय, दाढी केलेली.

हर्षद मोठ्याने हसला आणि मग आपण हसायला नको होतं की काय, म्हणून थांबला. अण्णांनी त्याला हसा म्हणून सांगितलं. इथे हसायला कोणी येत नाही, म्हणून तर बाक एवढे टणक वाटतात. मग त्यांनी विचारलं की पहिल्यांदा एकटे आलात का. हर्षदने होय म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, की बाप एकटा आला की घोळ घालतो, स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

साडेअकराला अक्षताचा नंबर लागला. आत मानसतज्ज्ञ होत्या क्षमा मॅडम, तिशीच्या आत-बाहेर, समोर एक खुजं टेबल. हर्षदला त्यांनी मागे खुर्चीवर बसायला सांगितलं. त्याला खात्री होती की अक्षता दोन मिनिटं बसायची नाही. ती कुठेच बसत नाही. दाताच्या डॉक्टरकडे बसली नव्हती, मावशीच्या लग्नात बसली नव्हती, फोटोवाल्याकडे तर तिने पडदाच खाली आणला होता. तो निर्धास्त होता.

क्षमा मॅडमनी विचारलं, तुझं नाव काय. अक्षता म्हणाली, “सीटबेल्ट लावा.” हर्षदला मनातल्या मनात बरं वाटलं, सुरुवात छान नापास झाली होती.

मग मॅडमनी लाल-पांढरे ठोकळे काढले आणि एका सरळ रेषेत, कडेला कड लावून मांडले. आणि अक्षता बसली. पाठ ताठ, हात टेबलावर, एखाद्या वर्गाच्या मॉनिटरसारखी. मॅडमनी चित्र दाखवलं, हिने ठोकळ्यांचं तसंच चित्र केलं. दुसरं दाखवलं, तेही केलं. तिसरं अवघड होतं, तिरक्या पट्ट्यांचं. हर्षदला स्वतःला ते कळलं नव्हतं. अक्षताने ते अर्ध्या मिनिटात लावलं आणि एक ठोकळा जरासा वाकडा होता तो बोटाने नीट केला.

हर्षदला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दार उघडून बाहेरच्या सगळ्या लोकांना बोलवावंसं वाटलं, की या, बघा, कोण म्हणतं हिला येत नाही. चौथं चित्र लागलं. पाचवं लागलं. मॅडम कागदावर खुणा करत होत्या. हर्षदला आता अक्षता दिसत नव्हती. त्याला गोरेगावचा मुलगा दिसत होता, शाळेचं पत्र दिसत होतं, आणि स्टुलावर पाय ठेवून बसलेली जान्हवी. जन्मभर ज्या क्षणाची वाट बघितली, तो नेमका आज, या खोलीत आला होता, आणि आज तो नको होता.

मॅडमनी विचारलं, “अक्षता, बाजारात हरवलीस तर काय करशील?” अक्षता म्हणाली, “आरसा बघ.” मॅडमनी लिहिलं आणि सहावं चित्र काढलं. अक्षताने हात पुढे केला.

हर्षदने शर्टाखाली हात घातला. कंबर दुखत होती हे खोटं नव्हतं. ती रोजच दुखते. पण हात कंबरेसाठी गेला नाही, हे हाताला आणि त्याला, दोघांनाही माहीत होतं. त्याने पट्टा ओढला. करर्र.

पुढचा पाव तास सांगण्यासारखा नाही. टेबल उलटलं, ठोकळे खोलीभर झाले. अक्षता कान दाबून ओरडत राहिली आणि हर्षद तिला धरायला गेला तर तिने त्याच्या मनगटाच्या वर दात रोवले ते सुटेचनात. त्याने हात काढून घेतला नाही. क्षमा मॅडमनी पंखा बंद केला, दिवा घालवला, भिंतीकडे एक गादी सरकवली आणि स्वतः जमिनीवर बसून राहिल्या. हळूहळू ओरडण्याचे हुंदके झाले आणि हुंदक्यांचं गुणगुणणं. अक्षता गादीवर तोंड खुपसून पडली.

मग क्षमा मॅडमनी विचारलं, “पट्टा का काढलात?”

“पाठ दुखत होती.”

त्या काही बोलल्या नाहीत. हर्षदला माणसांना बोलण्याने घाबरवता यायचं. गप्प राहून कोणी त्याला कधी घाबरवलं नव्हतं.

“ती घाबरावी म्हणूनच काढला,” तो म्हणाला. “तुम्ही तिला पास करत होतात.”

“मी पास-नापास करत नाही, धुरी. आणि गरज नव्हती. ठोकळे अशा बऱ्याच मुलांना येतात. बाकीचं काय येत नाही ते मी तुम्हालाच विचारणार होते. तेच तर खरं मोजायचं असतं.”

एवढं बोलून त्यांनी नवा कागद घेतला आणि प्रश्न सुरू केले. एकटी आंघोळ करते का. हर्षद सवयीने म्हणाला, करते ना. मग थांबला आणि म्हणाला, नाही करत. नळ सोडून उभी राहते, जान्हवी घालते, आता आठवडाभर माझी आई घालते. रस्ता ओलांडते का. नाही. अनोळखी माणसाबरोबर जाईल का. कोणाहीबरोबर जाईल, गाडी असली की झालं. प्रत्येक ‘नाही’ आधीच्यापेक्षा सोपं व्हायला हवं होतं, ते होत नव्हतं.

“कुठे दुखत असेल तर सांगू शकते?”

हर्षदने एक गोष्ट सांगितली, जी तो आजवर विनोद म्हणून सांगत आला होता. गेल्या वर्षी अक्षता नऊ दिवस जेवेना. ताट समोर आलं की “ब्रेक, ब्रेक, ब्रेक,” आणि गालावर स्वतःच चापट्या. तो सगळ्यांना सांगायचा की आमच्या घरी डाएटिंग चाललंय, सिग्नल लाल आहे. बॅचमधल्या काकू हसून हसून स्टिअरिंग सोडायच्या. दहाव्या दिवशी गाल सुजला तेव्हा कळलं की दाढ सडलीय, आत पू झालाय.

“ती नऊ दिवस सांगत होती, मॅडम,” तो म्हणाला. “माझ्याच भाषेत सांगत होती. आणि मी हसत होतो.”

क्षमा मॅडमनी ते लिहून घेतलं. धीर दिला नाही, दोष दिला नाही, हातावर चावलंय तिथे इंजेक्शन घेऊन जा एवढं सांगितलं.

बाहेर अण्णा अजून बसलेले होते. सुरभीचा सौरभ करायला साहेबांची सही लागते आणि साहेब जेवायला गेले होते. त्यांनी हर्षदच्या हातावरच्या दातांच्या खुणा पाहिल्या, चष्मा वर करून मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले की दात छान आहेत मुलीचे. हर्षदला हसू आलं नाही. त्याने काय केलं ते त्यांना सांगितलं, एका दमात, अक्षता शेजारी बसून बाकावरच्या फटीत बोट फिरवत असताना.

अण्णांनी सगळं ऐकलं. मग सौरभच्या मांडीवरच्या रेडिओकडे हनुवटीने खूण केली. हा बारा वर्षांचा होता, ते म्हणाले, तेव्हा शहाण्यासारखा वागायचा, कोणी आलं की नमस्कार बिमस्कार. मला भीती, की डॉक्टर म्हणतील चांगला आहे. म्हणून मी त्या दिवशी रेडिओ मुद्दाम घरी ठेवला. त्याला रेडिओशिवाय झोप येत नाही, जेवण जात नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात रडला. दाखला मिळाला, लॅमिनेट करून ठेवलाय.

“मग?” हर्षदने विचारलं.

“मग काय. त्याला आठवत नाही. मला आठवतं. तुम्ही काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही आणि तुम्हीही माझ्याकडून ठेवू नका.”

तेवढ्यात साहेब जेवून आले आणि अण्णा लगबगीने उठले.

घरी जाताना हर्षदने गाडी अगदी सावकाश चालवली. मागून दोघा रिक्षावाल्यांनी टपावरचा ‘एल’ बघून त्याला काकू समजून शिव्या घातल्या. त्याने उलट उत्तर दिलं नाही, असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडलं. जोगेश्वरीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो मागे न वळता म्हणाला, “सॉरी, अक्षू.”

“सॉरी, अक्षू,” मागून आवाज आला, त्याच्याच सुरात, त्याच्याच आवाजातल्या कापऱ्यासकट. ती माफी मागत होती की देत होती, की नुसतं ऐकलेलं परत करत होती, हे कळायला मार्ग नव्हता. सिग्नल हिरवा झाला.

जान्हवीला त्याने दारातच सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, की एकदाच ओढलास ना. तो म्हणाला, एकदाच. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिने पट्टा मागून घेतला, वेलक्रो कात्रीने उसवून काढलं आणि त्या जागी परकराच्या चार नाड्या शिवल्या. इतकी वर्षं हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, हेही खरं. आता कंबरेभोवती गाठी मारताना हर्षद एखाद्या बाळंतिणीसारखा दिसायचा, आणि जान्हवीने त्याला तसं सांगितलं, तेव्हा त्याला कळलं की बोलणं सुरू झालं.

अक्षताचं एवढ्यावर मिटलं नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस ती जवळ येण्याआधी त्याच्या कंबरेकडे बघायची. तो दोन्ही हात वर करून उभा राहायचा, पोलिसांनी पकडल्यासारखा, आणि ती नीट बघून झाल्यावरच पुढे यायची. मालनला तो खेळ वाटायचा. हर्षदने ते कोणाला किस्सा म्हणून सांगितलं नाही.

दाखला पाच आठवड्यांनी फोनवर आला. पंच्याहत्तर टक्के, पुढची तपासणी अठराव्या वर्षी. जान्हवीचं प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं होतं. तिने आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “डिस्टिंक्शन आलं रे.” दोघं एकमेकांकडे बघून हसले, आणि हसता हसता जान्हवी स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. हर्षद तिच्यामागे गेला. नळ बंद करून तिच्याशेजारी ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्याला काहीही विनोद सुचला नाही.

इकडे मालनने बाहेरच्या खोलीतून फक्त आकडा ऐकला होता. तिने पदर सावरला आणि मजल्यावरच्या चारही दारांत जाऊन सांगून आली, की आमच्या चेडवाक पंच्याहत्तर टक्के गावले. अर्ध्या तासात शेजारच्या कुंदाताई पेढ्यांचा पुडा आणि एक पेन घेऊन दारात हजर. ह्याच त्या सत्यनारायणवाल्या. त्यांनी अक्षताच्या गालाला हात लावला आणि कुठल्या विषयात जास्त आले म्हणून हर्षदला विचारलं.

एरवी हर्षदने सांगून टाकलं असतं, की गणितात. आणि वर दोन विनोद केले असते. त्याने कुंदाताईंना आत बोलावून बसवलं. “परीक्षेचे नाहीत, कुंदाताई,” तो म्हणाला. “अपंगत्वाचा दाखला आहे. अक्षताला ऑटिझम आहे आणि बुद्धीही कमी आहे. बरी होणार नाही. शिकेल थोडंफार.”

कुंदाताईंना पुड्याचं काय करावं कळेना. त्यांनी तो एकदा पुढे केला, एकदा मागे घेतला. माफ करा हो, मला काही माहीत नव्हतं, असं दोनदा म्हणाल्या. हर्षदने सांगितलं की माहीत कसं असणार, मीच कधी सांगितलं नाही. मग त्या जराशा पुढे सरकल्या, जिन्याच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, की त्यांच्या बदलापूरच्या जावेचा मुलगा, सहा वर्षांचा, अजून एक शब्द बोलत नाही. घरातले म्हणतात उशिरा बोलेल. बाप तर म्हणतो आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात.

हर्षदने खिशातून फोन काढला आणि त्या बापाचा नंबर मागितला.

नंबर लिहून घेईपर्यंत मालनने पुडा उघडला होता. हर्षदने तिला पुन्हा एकदा, शक्य तितक्या सोप्या शब्दांत, पंच्याहत्तर म्हणजे काय ते समजावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग नातीच्या हातात एक पेढा ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाली, “तुका दहावीक किती गावले होते रे झिला? एक्केचाळीस मां?”